ओल्या चुन्यावरचा चेहरा

रोक्कापियाना गावात भट्टी एकच होती, आणि ती मालकांची होती. बायका घरी पीठ मळत, गोळ्यावर आपापली खूण उमटवत आणि उजाडायच्या आत भट्टीवर आणून ठेवत. पाचिफिका ते भाजून देई. दर दहा पावांमागे एक पाव वर मालकांच्या गढीत जाई. घरी कुणी चोरून पाव भाजला, तर गढीवरचा माणूस येऊन चूल फोडून जाई. पाचिफिकाच्या सासूच्या वेळी असंच होतं, आणि सासूच्या सासूच्याही वेळी. असं का, हे कुणी विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पाचिफिकाने पन्नाशी ओलांडली होती. तीस वर्षं जाळासमोर उभं राहून तिच्या भुवया झडून गेल्या होत्या. स्वतःचा चेहरा तिने पाहिला होता तो गुरांच्या हौदात, तोही हलत्या पाण्यात.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपासांत गावात एक चित्रकार आला. दोन खेचरं, एक शिडी, चुन्याची पोती, आणि तिशीचा सडसडीत माणूस. नाव अन्सोविनो. मालक, म्हणजे काउंट गालास्सो, फौजेतल्या नोकरीपायी दोन हिवाळे फ्लॉरेन्सला राहून आले होते. तिथल्या भिंती पाहून त्यांना वेड लागलं होतं. आपल्याही देवळात तसंच चित्र हवं, म्हणून त्यांनी माणूस पाठवून त्याला बोलावून घेतलं आणि स्वतः पुन्हा मोहिमेवर निघून गेले.

गढीखालच्या देवळात डाव्या भिंतीवर जुनं चित्र होतंच. सगळीकडे सोनेरी वर्ख, मधोमध गुडघे टेकलेले मालकांचे आजोबा, आणि त्यांच्या बुटाशी मुंग्यांएवढी गावची माणसं. अन्सोविनोला उजवी कोरी भिंत मिळाली. विषय ठरलेला होता: मरियमचा जन्म. पलंगावर बाळंतीण संत अ‍ॅना, पुढे बाळाला न्हाऊ घालणारी सुईण, आणि बाळाला पाहायला आलेले मालक.

चित्रकार पहिल्या दिवशी भट्टीवर पाव घ्यायला आला आणि पाव घ्यायचा विसरून पाचिफिकाकडे बघतच राहिला.

"काय बघतोस रे बाबा?" पाचिफिका म्हणाली. "तोंडाला काजळी लागलीय का?"

"मावशी, तुम्ही रोज थोडा वेळ देवळात येऊन बसाल? मला सुईण काढायचीय."

शेजारी पीठ चाळणारी सून मेनिका खो खो हसली. "सासूबाई, जा की! भुवया तेवढ्या आधी काढून घ्या त्यांच्याकडून."

पाचिफिकालाही हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी शेवटची खेप भट्टीतून काढल्यावर ती हात धुऊन खरंच देवळात गेली.

"मांडीवर बाळ हवं," अन्सोविनो म्हणाला. "गावातलं एक आणून बघितलं. रडून रडून त्यानं छप्पर डोक्यावर घेतलं."

पाचिफिकाने झोळीतून ताजा पाव काढला, फडक्यात गुंडाळला आणि मांडीवर घेतला. "हे घे. हे नाही रडायचं."

असे पंधरा-वीस दिवस गेले. आजचा गिलावा ओला आहे तोवरच आज रंगवायचं, उद्या तो काही ऐकत नाही, असं चित्रकार सांगे. त्यामुळे तो बोलत नसे. पाचिफिकाला आयुष्यात पहिल्यांदाच नुसतं बसायला मिळालं होतं. बाहेर दरीत धुकं भरलेलं, आत चुन्याचा थंड, पावसाळी वास, आणि मांडीवर तो ऊबदार पाव. तिचे डोळे जड होत. भिंत दुधासारखी पातळ होतेय आणि आपण तिच्यात हळूहळू उतरतोय, असं तिला वाटे. फडक्यातली ऊब हलल्यासारखी होई. चाळीस दिवसांची असताना वारलेली तिची मुलगी कुठूनशी परत येऊन मांडीवर निजे. ना रडे, ना काही मागे. गेल्यापासून इतकी जवळ ती कधीच आली नव्हती. मग ब्रश डब्यात पडल्याचा आवाज होई, पाव गार झालेला असे, आणि पाचिफिका डोळे चोळत भट्टीकडे परते. चित्राकडे बघायचं तिला धाडस होत नसे.

ते तिने पाहिलं चित्र पुरं झाल्यावर. शिडी बाजूला झाली आणि ती भिंतीपुढे उभी राहिली. पलंगावर अ‍ॅना होती, मागे उघडं दार होतं, दारात मालक उभे होते. आणि अगदी पुढे, हात लावावा इतकी जवळ, एक बाई बाळ घेऊन बसली होती.

"अगं बाई!" पाचिफिका पुटपुटली. "ही तर माझी आई."

"तुम्ही आहात, मावशी."

"नाही रे. माझी आई नेना आहे ही. मला माहीत नाही होय?"

चित्रकार हसला. तिने मात्र त्या बाईच्या गालाकडे, थकलेल्या पापण्यांकडे पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि मग हळूच स्वतःच्या गालावरून बोटं फिरवली.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात मालक परतले. सगळा गाव देवळात गोळा झाला. काउंट गालास्सो भिंतीपुढे आले, बराच वेळ पाहत राहिले, आणि त्यांच्या मानेवर लाली चढत गेली.

"यात मी कुठंय?"

"दारात, सरकार," अन्सोविनो म्हणाला.

"तो वीतभर माणूस मी? आणि ही भट्टीवाली माझ्या तिप्पट?"

"ती जवळ बसलीय. आपण लांब उभे आहात."

"समोर माझे आजोबा बघ! त्यांच्या बुटाएवढी आहेत माणसं. चित्र असं काढतात!"

"सरकार, आपणच म्हणालात, फ्लॉरेन्सला पाहिलं तसं हवं." चित्रकार मागे हटला नाही. "मावशी, जरा दारापर्यंत जाता? सरकार, आता अंगठा डोळ्यासमोर धरा."

पाचिफिका दाराशी जाऊन उभी राहिली. मालकांनी नाइलाजाने अंगठा धरला. अंगठ्यामागे पाचिफिका अख्खी झाकली गेली.

"बघा, अंगठ्याएवढीच," मालक खूश होऊन म्हणाले.

"आणि तिथून तिला आपण केवढे दिसत असाल?"

कुणीतरी खोकलं. मागून कुणाचं तरी हसू फुटलं आणि तिथल्या तिथे दाबलं गेलं. मालकांनी खाडकन हात खाली घेतला.

"उद्या सकाळी गवंडी बोलवा. ही बाई खरवडून काढा. तिच्या जागी मी. आणि तू, रंगाऱ्या, चालायला लाग."

लोक पांगले. चित्रकाराने सामान बांधलं. रस्त्यात त्याने पाचिफिकाचा हात धरला. "चूक माझी, मावशी. तुम्हाला उगाच यात ओढलं."

"अरे, मी बसून होते इतके दिवस," ती म्हणाली. "बसायला मिळालं ना मला. ते काय कमी आहे?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिने पहिली खेप भट्टीत सरकवली, मेनिकाला लक्ष ठेवायला सांगितलं आणि देवळाकडे निघाली. आईला पुन्हा एकदा डोळे भरून पाहायचं होतं. धुकं इतकं दाट होतं की पाय जमिनीवर पडतायत की नाही, ते कळेना. देवळाचं दार लोटलं तर आत भिंतीपुढे फरशीवर कुणीतरी बसलं होतं. अंगात पांढरा झगा, डोकं उघडं. ते काउंट गालास्सो होते.

ती मागे फिरणार तोच ते म्हणाले, "थांब. ही तू नाहीस."

"नाही, सरकार."

"ही नेना आहे."

तिची आई गढीत दूध पाजायला होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. गालास्सोंच्या जन्माच्या वेळीच त्यांची आई गेली होती. पाचिफिका तेव्हा अंगावर पिणारी. तिच्या वाटचं दूध वर गढीत जायचं, आणि तिला शेळीच्या दुधावर वाढवलं होतं.

"काल रागात तुझा चेहरा बघितला," मालक हलक्या आवाजात म्हणाले. "घरी गेलो तर झोप येईना. डोळे मिटले की हीच. मी सहा वर्षांचा असताना वडिलांनी तिला गढीची पायरी चढायची बंदी केली. का, माहितीय?"

"आई कधी बोलली नाही."

"मी तिला आई म्हणायचो. चारचौघांत." त्यांनी चित्रातल्या बाईकडे पाहिलं. "शेवटी काय झालं तिचं?"

"खोकल्यानं गेली, सरकार. थंडीत. शुद्धीत नव्हती. 'पोरगं भुकेलं असेल' म्हणत होती. आम्हाला वाटलं, माझा भाऊ."

काउंट गालास्सोंनी तोंड फिरवलं. खिडकीतून धुकं आत येत होतं. पुढची बाई तेवढी धुक्याबाहेर उरली होती आणि दारातला छोटा माणूस हळूहळू पांढऱ्यात विरत चालला होता. पाचिफिका न विचारताच फरशीवर टेकली. मालकांपुढे कधी कुणी बसलं नव्हतं. पण त्यांनी तिला ऊठ म्हटलं नाही.

बाहेर गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन आला. मालक उठले, दाराशी गेले आणि म्हणाले, "परत जा. इथं काही काम नाही." मग वळले. "पाचिफिका, तुझ्या वाटचं दूध मी प्यालो. काहीतरी माग."

तिला मुलगी आठवली, आई आठवली, आणि रोज पहाटे अंधारात पीठ घेऊन उभ्या असलेल्या, थंडीने नाकं लाल झालेल्या बायका आठवल्या.

"सरकार, ज्याला घरी भाजायचंय त्याला भाजू द्या."

"मग भट्टीवर कोण येईल? तुझं पोट त्यावर आहे."

"ज्याला जमणार नाही तो येईल. सगळ्यांना थोडंच जमतंय?"

त्यांच्या ओठांवर हसू आलं. तिने ते पहिल्यांदाच पाहिलं. "फ्लॉरेन्सला घरोघरी वेगळा पाव मिळतो," ते म्हणाले. "ठीक आहे."

त्या उन्हाळ्यात घरांमागे मातीच्या छोट्या भट्ट्या उभ्या राहिल्या. काही वाकड्या झाल्या, एक पहिल्याच दिवशी ढासळली. गढीवरची माणसं हळूहळू कमी झाली. पुढे मालकही शहरात घर घेऊन राहिले आणि गावी सुगीपुरते येऊ लागले.

एका सकाळी पाचिफिकाला जाग आली तेव्हा ऊन पांघरुणावर आलं होतं. ती दचकून उठून बसली आणि मग पुन्हा टेकली. भट्टी मेनिका सांभाळत होती. खिडकीबाहेर गावभर चाळीस धुरांच्या चाळीस बारीक रेघा वर जात होत्या आणि उंचावर एकमेकींत मिसळत होत्या. शेजारची म्हातारी लुक्रेत्सिया फडक्यात काहीतरी घेऊन आत आली.

"घे. माझ्या भट्टीचा पहिला."

पाचिफिकाने पाव मोडला. लग्नानंतर आपल्या भट्टीबाहेर दुसऱ्या कुणी भाजलेला पाव ती पहिल्यांदाच खात होती.

"खालून करपलाय गं," ती म्हणाली, आणि दुसरा घास तोडला.