जवस आणि लोकर

पांढरा, ताठ, बोटभर लांबीचा धागा – बोटावर चढवलेल्या अंगुस्तानाच्या कडेला चिकटलेला. हनोखमास्तर फुंकर मारायला वाकले आणि तसेच थांबले. सुती नव्हता तो. सुती धागा असा गार लागत नाही, मध्येच बारीक गाठ घेऊन जाड होत नाही... एकाहत्तर वर्षांच्या डोळ्यांचा आता भरवसा नाही, पण बोटं अजून खोटं बोलत नाहीत. लिनन. जवसाच्या काडीपासून काढलेला धागा.

समोर कटिंगच्या टेबलावर जोएलचं जाकीट इस्त्री होऊन तयार होतं. निळ्या जमिनीवर पांढऱ्या नि लाल उभ्या-आडव्या रेघा, मधून एकच सोनेरी – लेकानं ग्लासगोहून ते लोकरी कापड पाठवलं ते या एकाच कामासाठी. पुढल्या रविवारी त्याचं लग्न, आणि लग्नात अंगावर बापाच्या हातचंच जाकीट पाहिजे, असा हट्ट. तिकडं स्कॉटलंडात म्हणे कापडावर प्रत्येक कुळाची आपापली चौकट ठरलेली. आपल्या यहुद्यांची नव्हती, तर तिथल्या यहुद्यांनीही आपली एक काढून घेतली. हे ऐकून मास्तरांना हसूच फुटलं होतं. चाळीस वर्षं सेलूच्या पोरींचे शाळेचे फ्रॉक शिवले, सगळे लाल-निळ्या चौकटीचे. म्हणजे गावातल्या झाडून साऱ्या पोरी एकाच कुळाच्या निघाल्या की, आणि कुळाचा मूळपुरुष मी!

आता मात्र हसू येत नव्हतं. सकाळी फोनवर जोएल बोलता बोलता म्हणाला होता, "पप्पा, गंमत माहितीय? या कापडात मुद्दाम नुसती लोकर आहे. लोकरीबरोबर लिनन चालत नाही म्हणे आपल्यात. मला दुकानदारानं सांगितलं." मास्तर नुसते 'हं' म्हणाले होते. कानांनी ऐकलं, डोक्यापर्यंत गेलंच नाही. हल्ली बरंचसं असंच वाटेत राहतं. आणि आता दुपारी हा धागा.

जाकिटाच्या छातीत, अस्तराच्या आत, ताठपणासाठी दोन्ही बाजूंना लिनन होतं. त्यांनी स्वतः लावलेलं. एवढी जड लोकर बाजारातल्या चिकटवायच्या कॅनव्हासला पेलत नव्हती, पोराच्या छातीला घरातलं सगळ्यात चांगलं लागावं म्हणून मागल्या आठवड्यात वडिलांची लोखंडी पेटी उघडली, तळाशी लाल फडक्यात बांधलेलं ते पुडकं काढलं – निजामाच्या रेल्वेतल्या साहेबांचे पांढरे सूट वडील शिवायचे, तेव्हाचं उरलेलं कापड – गाठ सुटेना, दातांनी सोडवली. केवढा आनंद झाला होता तेव्हा! भारी कापड म्हणून वडिलांनी जपून ठेवलंय, असंच ते इतकी वर्षं धरून चालले होते... आणि आता, हातात हा धागा धरल्यावर, ती दुपार आठवली. वय नऊ. टेबलाखाली बसून, कुणा गार्डसाहेबाच्या लोकरी कोटाचं बटण, त्याच पांढऱ्या कापडाचा दोरा ओढून, मोठ्या हौसेनं आपण लावत होतो – आणि ज्या माणसानं कधी आवाज चढवला नाही त्यानं डाव्या गालावर काडकन लगावली. "मेंढी वेगळी, जवस वेगळं. एका अंगावर दोन्ही नाही." का म्हणून विचारलं, तर, "सांगितलंय म्हणून." मग बटण तोडलं, कापड लाल फडक्यात बांधलं आणि वर गाठीवर गाठ मारली. जपून कुठलं? वेगळं ठेवलं होतं ते.

अरे देवा, कुठून ही बुद्धी झाली!

पण खरं सांगायचं तर थकवा होता. आजचा नव्हे, फार जुना. बँकेतला पोरगा फॉर्मवरून मान वर करून विचारणार, यहुदी म्हणजे ख्रिश्चनच ना काका? हो बाबा, तसंच. जनगणनेला आलेली बाई विचारणार, मग मुसलमान लिहू का? लिही. कुणाकुणाला समजावून सांगायचं? बायको, रिबका, होती तोवर शुक्रवारी सांजेला शब्बाथचा दिवा लागायचा. ती गेली आणि दिव्याची वात आणायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं. आणि पोराला तर काही सांगितलंच नाही. गावात आपल्या लोकांचं एकच घर, कशाला लेकराच्या डोक्यावर ओझं... म्हणून त्याला आपल्यातलं काय ते ग्लासगोच्या दुकानदारानं सांगायचं!

चार वाजता कुरिअरवाला बन्सीधर येणार. छाती उसवून पुन्हा भरायची म्हणजे दोन दिवस, आणि दोन दिवस गेले की जाकीट लग्नाला पोचत नाही. आणि नाही उसवलं तर? आतलं कुणाला दिसतंय? जोएल मंडपाखाली उभा राहील, लोक कापडाचं कौतुक करतील, आणि हे सगळ्या जगात एकट्या मला ठाऊक असेल. राहू दे की... आजोबांचं कापड नातवाच्या काळजापाशी, यात वाईट ते काय? असा एक गोड विचारही येऊन गेला, आणि मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली.

"मास्तर, लय झ्याक झालंय की!" शेजारच्या मशीनवरून मालनबाई म्हणाल्या. अठरा वर्षं त्यांच्याकडं काज-बटणाचं काम होतं. "बांधायचं न्हाई का? बन्सीधर यायची येळ झाली."

"मालनबाई, आत लिनन लावलंय मी."

"मंग? आतलं कोन बघायलंय?"

मास्तरांनी जाकिटाच्या छातीवर हात ठेवला. मग एकदम बोलायलाच लागले. लोकर, जवस, एका अंगावर नाही, लाल फडकं, थप्पड – कितीतरी वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं. आता ही विचारणार, का? आणि त्याचं उत्तर तर वडिलांकडंही नव्हतं.

मालनबाईंनी विचारलं नाही. कपाळावरच्या भस्माला धक्का न लावता त्यांनी पदरानं घाम टिपला. "आमच्या सासूबाईंचं बी असंच. गळ्यात लिंग नसंल तर पान्याचा घोट घेत नव्हत्या. आजारात बी न्हाई. असतंय ज्याचं त्याचं." मग चष्मा चढवला, खुर्ची टेबलापाशी ओढली आणि उसवायचं ब्लेड पुढं केलं. "काय करायचं मंग? उसवायचं का आपुन?"

बाहेर बन्सीधरची गाडी येऊन थांबली. हॉर्न वाजला. जाकीट तिथंच होतं, निळं, देखणं, पुरं झालेलं; उसवलं तर पोरगा बापाच्या हातच्या शिवणीवाचून उभा राहणार होता, नाही उसवलं तर बापाच्या चुकीसकट. दोन्हीकडं पोराला कमीच पडणार होतं. पण 'जाऊ दे, तसंच' हे शब्द, जे वीस वर्षं जिभेवर तयार असायचे, ते आज काही केल्या येईनात. फोन लावून जोएलला आधी ती थप्पड सांगावी, मग उसवायचं का ते दोघांनी मिळून ठरवावं, असं वाटत होतं. डावा गाल गरम झाला होता. मास्तरांचा हात आपोआप तिकडं गेला, बासष्ट वर्षांनी ती थप्पड अजून तिथं आहे का ते बघायला.