चार चवींचा चौफुला

मित्रांनो, मी एक जुना चौफुला आहे. पत्र्याचं चौकोनी तबक, मधोमध उचलायची मूठ आणि चार कोपऱ्यांत काचेच्या चार बरण्या, एवढाच माझा संसार. एका थाई खानावळीत खिडकीजवळच्या तीन नंबरच्या टेबलावर माझं उभं आयुष्य गेलं. टेबल दोनदा बदललं, मी मात्र तोच आहे.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं. त्याने माझ्या कडा दुमडल्या, मूठ झाळली आणि मला फरशीवर ठेवून टिचकी मारली. मी डुगडुगलो. "नाटकं नकोत," म्हणत त्याने हातोडीचा एक घाव घातला. तेव्हापासून मी नीट बसायला शिकलो.

खानावळ आत्याची. ती थायलंडात वाढलेली आणि तिथलाच स्वयंपाक हातात घेऊन आलेली. वाढायला तिची भाची होती. भाची दिवसभर "आत्या, दोन नूडल्स", "आत्या, एक हिरवी करी" अशा हाका मारी, म्हणून गिऱ्हाईकंही तिला आत्याच म्हणू लागली. आत्याने पहिल्याच दिवशी माझ्या बरण्या भरल्या. एकीत साखर, दुसरीत भाजलेल्या मिरचीची भरड, तिसरीत व्हिनेगरमध्ये बुडालेल्या मिरच्यांच्या चकत्या आणि चौथीत माशांचा खारट रस. तिच्याकडची रीतच तशी होती. रांधणारीने रांधायचं आणि शेवटचा हात जेवणाऱ्याने फिरवायचा. वरून कुणी काही घातलं, तर त्यात अपमान मानायचा नाही.

मला जीभ नाही. त्यामुळे चव म्हणजे नेमकं काय, याचं मला फार कुतूहल. मी ती माणसांच्या हातांवरून शिकत गेलो. एक बाई घास तोंडात जायच्या आधीच दोन चमचे मिरची घालत आणि पुढची दहा मिनिटं नाक पुसत बसत. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. दर गुरुवारी एक घड्याळजी आपल्या नातीला घेऊन येत. घड्याळात तेल सोडावं तसं ते अगदी जपून एक चमचा व्हिनेगर घालत. कमी नाही, जास्त नाही. एवढ्याशा आंबटात त्यांना काय सापडतं, याचा मी पुष्कळ विचार केला.

दुपारची गर्दी ओसरली की भाची सगळे चौफुले आत नेऊन ओट्यावर रांगेने मांडी. आत्या वाकून कुठली बरणी जास्त उतरली ते बघे. "आज आंबट कमी पडलं. चिंच जुनी निघाली वाटतं," असं पुटपुटे आणि संध्याकाळच्या रश्श्यात चिंचेचा कोळ वाढे. जेवणारे तिच्या तोंडावर "छान होतं" म्हणून निघून जात. खरं काय ते आम्ही सांगायचो.

हळूहळू खानावळीचं नाव झालं. बाहेर बाकं टाकावी लागली. लोक ताटांचे फोटो काढू लागले आणि फोटोत नको म्हणून मला बाजूला सारू लागले. मला थोडं लागलं, पण जेवण सुरू झालं की हात माझ्याकडेच येत.

मग एका तापाने आत्या दहा दिवस पडून राहिली. उठली ती थेट चुलीपाशी. त्या दिवशी दुपारपर्यंत माझी खारट बरणी तळाला गेली, साखरेची अर्धी झाली. भाचीने मला उचललं आणि ती स्वयंपाकघराच्या पडद्याआड थबकली. तिने घाईघाईने माझ्या आणि बाकीच्या चौफुल्यांच्या बरण्या भरल्या, मगच आम्हाला ओट्यावर ठेवलं.

"म्हणजे सगळं बरोबर आहे," आत्या म्हणाली, आणि तिचे ताठरलेले खांदे सैल झाले.

महिनाभर हेच चाललं. मित्रांनो, ज्याचं कामच खरं सांगायचं, त्याला रोज खोटं बोलायला लावलं तर त्याला कसं वाटेल? बाहेरची बाकं रिकामी दिसू लागली आणि ते का, हे आत्याला कळेना.

एका गुरुवारी घड्याळजींनी माझ्या चारही बरण्या उघडल्या. नात बघत होती.

"आजोबा, जेवणात औषध घालताय का?"

"गप जेव."

"पण तुम्ही एकच चमचा घालता ना? आज पाच झाले. मी मोजले."

आत्या ताट घेऊन मागेच उभी होती. घड्याळजी अर्धवट उठले. "तसं काही नाही हो, आत्या. वय झालं, माझीच जीभ गेली."

"तुमची नाही गेली," आत्या म्हणाली. मला उचलून तिने आत भाचीसमोर ठेवलं.

"कधीपासून भरतेस?"

"तुझ्या तापानंतर. तू पातळी बघून खूश व्हायचीस गं."

आत्या स्टुलावर बसली. "मला कसलीच चव लागत नाही. मीठ नाही, चिंच नाही, नुसतं गरम तेवढं कळतं. वाटलं, जीभ गेली तरी हात शाबूत आहे. चौफुले तसंच सांगत होते. त्यांच्या भरवशावर मी चूल चालवत होते."

भाचीने चुलीची आच कमी केली. मग तिने विचारलं, "बंद करायचं का आपण?"

आत्याने रश्श्याची पळी तिच्यापुढे धरली. "चाख. आणि ‘छान’ म्हणालीस तर याच पळीचा फटका देईन."

"खारट कमी आहे. गोड तर नाहीच."

"नाहीच म्हणजे किती? नुसतं तोंड वाकडं करून मला कसं कळणार?"

त्या दिवसापासून हात आत्याचा आणि जीभ भाचीची. भांडणं रोज झाली. पातेलंभर रस्सा दोनदा फेकला गेला. बाकं लगेच काही भरली नाहीत.

तिसऱ्या गुरुवारी घड्याळजींनी घास घेतला. सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला, त्याने एक चमचा व्हिनेगर घेतलं आणि तो ताटाकडे वळला. पुन्हा काही तो आला नाही. दुपारी भाचीने मला पडद्यापाशी न थांबता आत नेलं. आत्याने वाकून पाहिलं, मग भाचीकडे पाहिलं.

"नाही भरलं," भाची म्हणाली.

आत्या माझ्या बरण्या पुसत बसली. त्या स्वच्छच होत्या, तरी पुसत बसली.

मित्रांनो, आता माझी मूठ सैल झाली आहे आणि साखरेच्या बरणीला भलतंच झाकण आहे. तरी मला भंगारात देऊ नका, अजून माझं काम संपलेलं नाही. आणि कुठेही जेवायला गेलात, अगदी घरातल्या ताटावर बसलात तरी, आधी चाखा, मग हात पुढे करा. काही कमी वाटलं तर रांधणारीला हळू आवाजात, पण खरं सांगा. ती रागावेल अशी भीती बाळगू नका. ती त्याचीच वाट पाहत असते.