नमुन्याचं पान

साहेब, प्रज्ञेश आणि वल्लरीचा संसार तुम्ही मोडलात. हो, तुम्हीच, बदलीच्या कागदावर सही ठोकणारे. बायकोला उदगीरच्या शाखेत धाडलंत आणि नवऱ्याला इथे पुण्यात मार्केट यार्डाजवळच्या कार्यालयात चेक छापायला ठेवलंत. वर म्हणालात, बँकेची सोय.

सुरुवातीला ती दर शनिवारी धायरीच्या घरी यायची. मग महिन्याने. यायची ती प्रवासाने पिचलेली, मग भांडण. शेवटी तिने त्याचा फोन उचलणंच सोडलं.

प्रज्ञेशचं काम नेमकं. चेकच्या तळाशी पांढऱ्या पट्टीत जे आकडे असतात, ते चुंबकी टोनरनेच छापावे लागतात. साधा टोनरही तेवढाच काळाभोर दिसतो, पण यंत्राला तो वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यासोबत एक नमुन्याचं पान जातं. शाखेने ते यंत्रात घालून बघायचं आणि वाचलं नाही तर छपाई विभागाला फोन करायचा. उदगीरला हे काम वल्लरीकडे होतं.

मग या पठ्ठ्याने काय करावं? चेक सगळे चोख छापले. नमुन्याचं पान तेवढं साध्या टोनरवर काढलं.

"छपाई विभाग का? आपलं पान यंत्र वाचत नाही."

कोरडा ठणठणीत आवाज, पण तिचा! दिवसभर तो कानात घेऊन फिरला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच केलं.

तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अहो छपाई विभाग, आमच्याच शाखेचं पान का बरं नासतं? चेक तर घातल्याबरोबर वाचले जातात."

"तुझा आवाज ऐकायचा होता गं."



"बावळट," ती म्हणाली. आवाज ओला झाला होता. "आवाजावर संसार होतो का रे? परत यायचा अर्ज दिलाय मी, वर्ष झालं. साहेबांनाही साधा टोनर वाचता येत नसेल. तुझा तो भारीतला टोनर घाल आणि माझा अर्ज छाप पुन्हा."

त्याने छापला. चुंबकी टोनरवर, एकही अक्षर फिकं न ठेवता, आणि स्वतः आणून तुमच्या टेबलावर ठेवला.

आता तरी वाचता येतंय ना, साहेब? मग बोला. वल्लरी पुण्याला येतेय की नाही?