आर्लोच्या शेजारची जागा

मार्लिस हॉगनला वेंडलचा संशय आला तो मंगळवारी, आणि शुक्रवारपर्यंत तिनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आमच्या मिनेसोटात संशय असाच पाळतात. ज्याच्यावर संशय, त्याला आधी लिंबाच्या वड्या करून नेतात.

शुक्रवारी सकाळी ती वड्यांचा डबा घेऊन चर्चच्या तळघरात आली. दफनभूमीची कमिटी तिथंच बसते. कमिटी म्हणजे चिटणीस मी, आणि वेंडल. तो टेलिफोन कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यानंच सगळी जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवली.

"लव्हॉन, साखर जरा जास्तच पडलीय बघ," मार्लिस मला म्हणाली. साखर बेताचीच होती. म्हणजे बाई काहीतरी मागायला आली होती.

तिचा नवरा आर्लो नोव्हेंबरात गेला. त्याला चौदा-ब मध्ये ठेवलं. शेजारची चौदा-क आपली, असं ती चाळीस वर्षं धरून चाललेली. बर्फ वितळलं की कबरीवर दगड बसायचा होता. त्यावर दोघांची नावं कोरायची, तर शेजारची जागा कुणाची याचा कमिटीचा कागद दगडवाल्याला आज संध्याकाळपर्यंत हवा होता.

मंगळवारी ती माझ्यासमोरच कॉम्प्युटरवर बघायला बसली. फॉर्मवर आलं: चौदा-क, कुटुंब हॉगन, पत्नी डोरीन. 'राखीव'चा रकाना रिकामा. डोरीन म्हणजे आर्लोची पहिली बायको. दोन वर्षांचा संसार, मग घटस्फोट, मग ॲरिझोना. अजून ठणठणीत आहे. मार्लिसनं ते नाव खोडायला बटण दाबलं. यंत्र नुसतं टुंग वाजलं. पुन्हा दाबलं, पुन्हा टुंग. अकरा वेळा. मी मोजल्या.

आता डोरीन ही वेंडलच्या बायकोची मावसबहीण. त्यामुळे मनातल्या मनात मीही एक बेरीज करून ठेवली होती.

"वेंडल, डोरीन कशी आहे रे?" मार्लिसनं कॉफी ओतत विचारलं.

"बरी असावी. हिच्याशी बोलते कधीमधी फोनवर."

"इकडं यायचं म्हणते का? कायमचं?"

वेंडलनं वडी खाली ठेवली. लहानपणी तो मार्लिसच्या रविवारच्या वर्गात होता. अजून तिच्यापुढं त्याचे कान लाल होतात. लाल कान म्हणजे पुरावा नव्हे, पण मी ते टिपून ठेवलं.

"तुम्हाला काय म्हणायचंय, मार्लिसबाई?"

"मला कुठं काय म्हणायचंय? फॉर्मला कुलूप कुणी लावलं, एवढंच."

"कुलूप नाहीये हो ते."

"मग माझंच बोट चुकत असेल. अकरा वेळा."

वेंडलनं खुर्ची ओढली. "हा फॉर्म म्हणजे वही नाही. खऱ्या वह्या मागं आहेत, तीन. एकीत जागा, एकीत कुटुंबं, एकीत माणसं. मी एक क्वेरी लिहिलीय, ती तिन्हींतलं वेचून ओळ जुळवते आणि इथं नुसती दाखवते. इथं तुम्ही नाव खोडलंत, तर ते कुठल्या वहीतलं, कुठल्या ओळीतलं खोडायचं, हे यंत्राला ठरवता येत नाही. म्हणून ते हातच लावू देत नाही."

"सोयीचं आहे."

"सगळं एकत्र कालवून भाजलेली हॉटडिश भट्टीतून काढल्यावर त्यातले मटार परत डब्यात भरता येतात का?"

"मी मटार घालत नाही," मार्लिस म्हणाली. "डोरीन घालायची."

"पण मग ते खोटं नाव आलं कुठून?" मी विचारलं.

"खोटं नाही, अर्धं आहे. खाली बघा की."

खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं: दोनपैकी पहिली. त्यानं बाण दाबला. तीच चौदा-क, तेच कुटुंब. पत्नी मार्लिस.

"जागेच्या वहीत फक्त हॉगन कुटुंबाचा नंबर आहे. माणसांच्या वहीत त्या नंबरापुढं दोन बायका. जुळवल्यावर एका जागेच्या दोन ओळी झाल्या."

मार्लिसनं चष्मा पुसला. "मग ती पहिली का?"

"तिचं कार्ड सत्तर सालचं. आधीचं."

"तुझ्या घरची म्हणून नाही ना?"

"नाही हो."

"मग जागा कुणाची?"

वेंडलनं बाण पुन्हा मागं-पुढं दाबून बघितला. "ते यंत्रात कुठंच नाही."

मी उठले आणि कपाटातून आर्लोच्या हातचं जागेचं मूळ कार्ड काढलं. 'दोन जागा. एक मला, एक बायकोला.' नाव नाही. पठ्ठ्यानं तेवढीही शाई खर्चली नव्हती. पण खाली तारीख होती, मे एकोणीसशे ब्याऐंशी. त्या साली आर्लोची बायको कोण होती ते कमिटीला पक्कं ठाऊक होतं. आदल्याच वर्षी त्याच्या आणि मार्लिसच्या लग्नात कॉफी मीच वाढली होती.

मार्लिसनं कार्ड वेंडलपुढं सरकवलं.

वेंडलनं फॉर्म मिटवून जागांची वही उघडली. "ही खरी वही. राखीवच्या रकान्यात लिहा इथं."

तिनं एका बोटानं आपलं नाव लिहिलं. टुंग झालं नाही. परत फॉर्म उघडला, तर दोन्ही ओळींत राखीव मार्लिस हॉगन. डोरीनच्या ओळीतसुद्धा.

"डोरीनची ओळ दिसणार नाही असं करू? दोन मिनिटांचं काम आहे," वेंडल म्हणाला.

"राहू दे. तिच्या नावापुढं माझं नाव बरं दिसतंय. आता बंद कर आणि पुन्हा उघड."

त्यानं उघडलं. तिनं पुन्हा वाचलं, मगच मी दगडवाल्याच्या कागदावर सही केली. कागद पर्समध्ये घालून ती उठली. वड्यांचा डबा मात्र तिथंच ठेवला.

"डबा विसरलात," वेंडल म्हणाला.

"असू दे. मंगळवारी येईन न्यायला. तेव्हा फॉर्म परत एकदा उघडून दाखव."

वेंडलचे कान पुन्हा लाल झाले.