हरणी जिथं बसेल

पुढच्या पावसाळ्यात धरणाचं पाणी गावात शिरणार हे पक्कं झालं, तेव्हा सगळ्यांत आधी प्रश्न निघाला तो देवाचा. माणसं कुठंही राहतील, पण भैरोबानं कुठं राहायचं? वेळवंडीच्या काठावरच्या देवळातली शेंदरी शिळा जागची हलवायची नाही, असं जुनी माणसं सांगत आली होती. हलायचा तो देवाचा टाक. तळहातात मावेल एवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली देवाची मूर्ती. तो फडक्यात बांधून गाईच्या पाठीवर द्यायचा, गाईचं दावं सोडायचं आणि अनवाणी पायांनी तिच्यामागून चालायचं. हाक मारायची नाही, हाकायचं नाही. गाय जिथं बसून रवंथ करील तिथं देऊळ, आणि देवळाभोवती गाव.

गाय ठरली सावळारामाची हरणी. सावळाराम देवाचा पुजारी. माघात तो गेला, मागं राहिली लेक ठकुबाई. नवरा तरुणपणीच वारला म्हणून ती माहेरी परतली होती, आणि तेव्हापासून घर, शेत, गोठा, देवाच्या दिव्याचं तेल, सगळं तिच्या नजरेखालून जाई. ठकूच्या गोठ्यात शेणसुद्धा तिला विचारून पडतं, असं तिचा चुलता कुंडलिक चारचौघांत सांगायचा आणि ठकू ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

बापाचं, आबांचं दुखणंही तिनं तसंच हातात घेतलं होतं. बैलगाडीत गवत अंथरून त्यांना भोरला नेलं, काढे उकळले, कूस बदलली, डोळा लागला तरी उठवून पेज पाजली. रात्रंदिवस त्यांचं मनगट तिच्या मुठीत. शेवटच्या दिवशी दुपारी आबा हळूच म्हणाले, "ठके, हात सोड की आता. म्या कुठं पडतोय व्हय?"

तिनं सोडला नाही. दिवस मावळायच्या आत ते गेले. आणि तेच तिला उमगत नव्हतं. हात तर तिनं घट्ट धरला होता, मग माणूस निसटला कुठून?

म्हणून निदान नवं गाव तरी नीट जागी बसावं, असं तिनं मनाशी धरलं. जागाही हेरली. कापूरहोळच्या सडकेलगत सपाट माळ होता, जवळ बारमाही विहीर, कडेला करंजाचं झाड. रोज दुपारी ती हरणीला तिथं नेई, एका चपट्या दगडावर मीठ लावलेली करडईची पेंड ठेवी आणि गाय सावलीत बसेपर्यंत तिच्या मानेखाली खाजवत राही. ही फसवणूक आहे असं तिला वाटलं नाही. देवाचं काम आपण थोडं सोपं करतोय, एवढंच ती स्वतःला सांगे.

चैत्रात एका सकाळी गाव देवळापुढं जमलं. कुंडलिकानं टाक बांधला, दावं सोडलं. हरणी आधी नदीवर गेली, पोटभर पाणी प्याली. मग सडकेच्या दिशेनं चालू लागली. रिवाजाप्रमाणं पुजाऱ्याच्या घरचं माणूस सगळ्यांत पुढं, म्हणून ठकू तिच्या शेपटीपाशीच होती. करंज दिसला तशी तिची छाती हलकी झाली. हरणीनं दगड चाटला. पुढचे गुडघे वाकवले. बायका एकमेकींकडं पाहू लागल्या.

आणि हरणी पुन्हा उभी राहिली. कान हलवले, अन् सडक ओलांडून डोंगराच्या सोंडेवर चढू लागली.

वर नुसते कातळ आणि वाळलेलं गवत. पाण्याचा थेंब नाही. ठकूला धाप लागली ती चढानं नव्हे. एक उपाय अजून तिच्यापाशी होता. आबा टाळूला जीभ लावून 'टक्' असा एक आवाज काढत. तो ऐकला की हरणी असेल तिथं थांबे आणि माघारी फिरे. आबांमागं तो एकट्या ठकूलाच जमायचा. एवढ्या पावलांच्या आवाजात तो कुणाला कळलाही नसता.

अर्ध्या चढावर हरणी थांबली. मान वळवून तिनं ठकूकडं पाहिलं. ठकूची जीभ टाळूला लागली. त्याच वेळी तिला आपला उजवा हात जाणवला. मूठ आवळलेली होती, नखं तळव्यात रुतली होती; कुणाचं मनगट धरून ठेवावं तशी. माघापासून आपण अशाच चालतोय की काय, असं तिला वाटलं.

तिनं एकेक बोट उलगडलं. जीभ खाली आली. हरणी वळून पुढं चालू लागली, आणि सोंडेच्या टोकाशी जाऊन बसली.

ठकूनं खाली पाहिलं आणि ती तशीच उभी राहिली. उभा जन्म ज्या गावात गेला ते गाव तिनं सबंध असं कधी पाहिलंच नव्हतं. नदीची वळणं, खळी, कौलं, देऊळ, पलीकडं आबांना अग्नी दिला ती काठावरची जागा, सगळं ओंजळीत यावं एवढं. आणि त्याच्याभोवती केवढे डोंगर, केवढं आभाळ. हरणीच्या रवंथाचा तेवढा आवाज येत होता.

शेवटी कुंडलिक म्हणाला, "देवाला वारा लई आवडतो, आसं दिसतंय. पाणी वाहून कंबरडं मोडंल की गं तुमा बायांचं."

"मोडू द्या, तात्या," ठकू म्हणाली. "देव बसला."

कंबरडी मोडलीच. घागर घेऊन तो चढ चढताना बायका हरणीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, आणि त्यांत ठकूचा आवाज मोठा असे. मग पाणी आलं. ना गर्जना, ना लोंढा. एकेक बांध गिळत ते वर सरकत राहिलं. श्रावणात एका संध्याकाळी देवळाचा कळस दिसेनासा झाला, आणि दिवाळीत तिथं पाण्यात आभाळ पसरलेलं होतं. वर टाकापुढं दिवा जळत होताच, तरी खालच्या दिव्यात तेल घालायला ठकूचा हात सवयीनं उठे. पाण्याखालच्या देवाला कोण घालणार तेल?

वैशाखात पाणी उतरलं. आधी कळस, मग शिखर, मग चिखलानं माखलेलं सगळं देऊळ उन्हात उभं राहिलं. ठकू खाली उतरली, मागोमाग हरणीही. गाभाऱ्यात घोटाभर पाणी होतं. शेंदूर पार धुऊन गेला होता. आत काळी, ओली शिळा होती, जागच्या जागी. कुणी दिवा लावला नव्हता, आंघोळ घातली नव्हती, की दार ओढून घेतलं नव्हतं. ठकूनं दोन्ही तळवे तिच्यावर टेकले. शिळा गार होती. कितीतरी वेळ तिला काही मागायचं सुचलं नाही.

बाहेर हरणी त्यांच्या जुन्या गोठ्याच्या जागी, चिखलात उभी होती. ठकूनं येताना दावं आणलं होतं. ते तिनं खांद्यावरच राहू दिलं आणि ती चढाला लागली. थोड्या वेळानं मागून खुरांचा आवाज येऊ लागला. तिनं वळून पाहिलं नाही.