कुहीच्या जिजाबाईचा गुडघा

मनोहरराव नागपूरच्या रेल्वे डाक कचेरीत पत्रं गावागावांच्या खणांत टाकायचे. वीस वर्षांत त्यांच्या हातून इतकी पत्रं गेली होती की एकापुढे एक मांडली असती तर विलायतेपर्यंत रस्ता झाला असता, आणि उरलेल्यांत परतीचाही. पण १९७३ सालच्या त्या गुरुवारी एक पाकीट हाती आलं आणि हात हवेतच राहिला.

‘श्रीमती जिजाबाई, चिंचेजवळ, मु. कुही.’

आता कुहीत चिंच असेल, नाही कोण म्हणतो? पण जिजाबाई नव्हती. ती मनोहररावांनी दोन महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरात पाटावर बसून स्वतः बनवली होती. विधवा, एकटी, उजवा गुडघा सुजलेला आणि तोंडाची तिखट.

झालं असं होतं. चर्चच्या पाळकसाहेबांनी ख्रिस्ती मंडळीच्या मासिकासाठी काहीतरी मागितलं आणि मनोहररावांनी एक गोष्ट दिली. त्या मासिकात आजवर देवाच्या कृपेच्या साक्षी, लग्नं आणि मृत्यू यांखेरीज काही छापलेलं नव्हतं. मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ वडील रुपराव यांनी तर जन्मात कादंबरी हाती धरली नव्हती. त्यांनी ती गोष्ट बुधवारच्या प्रार्थनासभेत मोठ्यानं वाचली, चष्मा पुसला, आणि ज्यांच्यासाठी दर बुधवारी प्रार्थना व्हायची त्या आजाऱ्यांच्या यादीत जिजाबाईचं नाव लिहून टाकलं.

मनोहरराव तिथेच बसले होते. सांगावं की न सांगावं या घोळात प्रार्थना संपली आणि तोंडून सगळ्यांबरोबर ‘आमेन’ निघून गेलं. दुसऱ्या बुधवारी तर त्यांना थोडं बरंच वाटलं. अशी बाई रचली की तिच्यासाठी लोक देवापुढे गुडघे टेकतात! मग तिसरा बुधवार, चौथा, पाचवा. आणि आता हे रुपरावांच्या अक्षरातलं पत्र.

टपालखात्याचा माणूस पत्र कसं दडवणार? त्यांनी ते निमूट कुहीच्या खणात टाकलं. आठ दिवसांत ‘अशी बाई गावात नाही’ असा शेरा घेऊन ते परत येणार होतं. मग रविवारी बायबलमधला शास्त्रपाठ वाचणं हातचं गेलं. वीस वर्षं दर रविवारी उपासनेत तो पाठ तेच वाचत आले होते. तेवढा एक मान त्यांना आयुष्यात मिळाला होता. लबाड माणसाच्या तोंडून देवाचं वचन कोण ऐकणार?

घरी आले तर बायको सुमती गोधडीला टाके घालत बसलेली.

“हे कोणासाठी वं?”

“तुमच्या जिजाबाईसाठी. महिला मंडळाची गोधडी आहे. शनिवारी सगळ्या कुहीले चाललो आहो, रुपरावजीबी येऊन राहिले. वाट दाखवाले तुम्ही.”

“अवं, पण तुले तर माहीत आहे!”

“मले माहीत आहे. त्याईले तुम्ही सांगा.”

“मग तू काहून शिवून राहिली?”

“गोधडी कोणाच्या ना कोणाच्या अंगावर पडनच. तुमचं तुम्ही पाहा.”

शनिवारी एसटीत नऊ बाया, गोधडी, लोणच्याच्या दोन बरण्या आणि रुपराव असा लवाजमा निघाला. भजनं अशी रंगली की रस्त्यातले बैल वाट सोडून उभे राहिले. मनोहरराव मात्र मैलाचे दगड मोजत होते. त्यात गोष्टीच्या पुढच्या, अजून न छापलेल्या भागात त्यांनी जिजाबाईला मारून ठेवलं होतं. अंत्यविधी इतका सुरेख जमला होता की लिहिताना स्वतःच दोनदा रडले होते.

अर्ध्या वाटेवर ते उठून उभे राहिले.

“रुपरावजी, जिजाबाई नाहीये.”

“वारली?” रुपरावांनी छातीवर हात ठेवला. मागच्या बाकावर तीन बायांनी पदर डोळ्यांना लावला.

“वारली नाही. झालीच नव्हती. मी रचली.”

भजन थांबलं.

“मग पाच बुधवार आम्ही कोणासाठी गुडघे टेकले गा, मनोहर?”

मनोहररावांनी उत्तर पाठ करून ठेवलं होतं, प्रभूनंही दृष्टांतकथा रचूनच सांगितल्या, इथून सुरू होणारं. ते सगळं बाजूला राहिलं. “गोष्ट लिहिली त्यात खोटं नव्हतं, रुपरावजी. पण पाच वेळा मी आमेन म्हटलं, ते खोटं होतं. उद्याचा पाठ दुसऱ्या कोणाले द्या.”

तेवढ्यात कंडक्टर गोविंदा तिकिटाची पेटी खडखडवत वाकला. तो कुहीचाच.

“चिंचेजवळ ना? उजवा गुडघा? अशा आमच्या गावात चार हायेत. त्यातली पार्वतीबाई तर तोंडाची अशी का, कोंबडा तिले इचारून आरवते.”

गाडी परत फिरवायला ती काही रुपरावांची बैलगाडी नव्हती. सगळे कुहीला उतरले. चिंचेजवळ पार्वतीबाई पाय लांब करून बसलेली होती. उजवा गुडघा नारळाएवढा. नऊ बाया पाहून ती म्हणाली, “कोनाचं लगन हाय?”

सुमतीनं गोधडी तिच्या मांडीवर ठेवली. पार्वतीबाईनं पोत चाचपला, टाके पाहिले, दोन ठिकाणी नावं ठेवली आणि गोधडी घट्ट धरली. मग कनवटीतून एक पाकीट काढलं.

“हे कोनाचं हाय, वाचा बरं कोनी. पोस्टमन टाकून गेला. नाव दुसरं हाय म्हने, पन चिंच माहीच.”

रुपरावांनी स्वतःचंच पत्र तिला वाचून दाखवलं. दुखणाऱ्या गुडघ्याची चौकशी, एकटेपणाची विचारपूस, आम्ही तुमची आठवण करतो वगैरे. तिखट तोंडाच्या त्या बाईनं शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली.

“माह्यं तुमाले कोनं सांगितलं?”

रुपरावांनी मनोहररावांकडे बोट दाखवलं. “यानं,” ते म्हणाले.

परतीच्या गाडीत ते शेजारी येऊन बसले. “उद्याचा पाठ तूच वाचशीन. पण ऐक, पुढच्या भागात तिचा गुडघा बरा झाला पाहिजे. पाच बुधवार म्हणजे काही गंमत नाही.”

घरी येताच मनोहररावांनी तो सुरेख अंत्यविधी चुलीत घातला. सुमतीनं त्यावर चहा केला.

पुढचा अंक निघाला. बुधवारी रुपरावांनी गोष्ट वाचली. गोष्टीत नऊ बाया आल्या, गोधडी दिली, जिजाबाईनं टाक्यांना नावं ठेवली आणि सगळ्यांना बळेबळे जेवायला बसवलं. गुडघा होता तसाच.

“बरा नाही केला?” रुपराव चष्म्यावरून पाहत म्हणाले.

“पार्वतीबाईचा बरा झाला का?”

“अजून नाही.”

“मग मी कसा करू, रुपरावजी?”

रुपरावांनी यादी काढली, जिजाबाईच्या नावावर रेघ मारली आणि खाली पार्वतीबाई लिहिलं. सगळ्यांनी गुडघे टेकले. प्रार्थना संपल्यावर मनोहरराव असं काही ‘आमेन’ म्हणाले की चर्चच्या घंटेवर बसलेली कबुतरं उडाली. ती थेट अंबाझरी तलावावर जाऊन बसली, आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं नाव घेईनात.