बाही सोडायची नाही

प्रतिस्पर्धी शोधत आहे…

ज्युदो एकटीला करता येत नाही. धावता येतं, दोरीवरच्या उड्या मारता येतात, पण पाडायला दुसरं माणूस लागतं. पोफळीच्या वीजप्रकल्पाच्या वसाहतीत करुणाला ते आता मिळत नाही. निम्मी क्वार्टर्स बंद. हॉलमधल्या मॅटवर जुनी कपाटं. शाळेपासून तिच्याबरोबर त्या मॅटवर आपटलेली मृणाली लग्न करून ऐरोलीला गेली, त्यालाही बारा वर्षं झाली.

म्हणून हा गेम.

प्रतिस्पर्धी सापडला: मृणाली

दर रविवारी, चारला. दोघी आपापल्या घरी, आपापल्या टीव्हीसमोर. गेममध्ये उडत्या लाथा नाहीत. दम लागतो, पकड सैल पडते, पाऊल चुकलं की तोल जातो. मृणाली इथेही डावखुरी, इथेही उतावळी. आणि पाडल्यावर करुणाची बाही धरून ठेवणारी. त्यासाठी एक बटण दाबून ठेवावं लागतं, गुण मात्र मिळत नाहीत. ज्युदोच्या सरांनी हॉलमध्ये शिकवलेलं: समोरच्याचं डोकं आपटू द्यायचं नाही, बाही सोडायची नाही.

कचेरी सोडली तर करुणाचा आठवड्यात कुणाशी संबंध येतो तो एवढाच.

गुण: मृणाली

बाही सुटली.

मागच्या रविवारीही सुटली होती. त्याच्या मागच्याही. पडद्यावरच्या करुणाचं डोकं आपटलं आणि सोफ्यावर बसलेल्या करुणाने मान आखडली. लढत संपल्यावर तिने फोन लावला.

“मृणे, आज तूच खेळलीस ना?”

“मग काय माझं भूत? आता कंबर शेक, म्हातारे!”

“कितीदा पाडलंस?”

“अगं… मोजतंय कोण! चल, पाहुणे आलेत.”

सेटिंग्ज: सावली

‘वीस लढतींनंतर गेम तुमची चाल शिकतो. तुम्ही नसलात तरी तुमची सावली खेळेल.’

खाली बारीक अक्षरांत: ‘ज्याला गुण नाहीत, ते सावली शिकत नाही.’ करुणाने दोनदा वाचलं. मग स्वतःचीही सावली सुरू केली.

लढत सुरू

पुढच्या रविवारी चारला करुणा चपला घालून बाहेर पडली. थांब्यावर चिपळूणची एसटी आली. दोघं उतरले, दोघंही अनोळखी. पाचला ती घरी परतली तेव्हा मृणालीचा मेसेज आला होता.

“काय खेळलीस गं आज! मजा आली.”

करुणाने लिहिलं, “मी नव्हते. मृणे, तूही नव्हतीस.”

खुणा लगेच निळ्या झाल्या. उत्तराला पाऊण तास लागला.

“मग जिंकलं कोण?”

करुणाला एकटीलाच हसू आलं. टीव्ही केव्हाच आपोआप बंद झाला होता.

“बघितलं नाही,” तिने लिहिलं. “तू कशी आहेस?”

या वेळी खुणा राखाडीच राहिल्या.